पाच वळ्या

६ ऑक्टोबर १९७७, गुरुवार

कंपनीची आठवड्याची सुट्टी. वेणीच्या दोऱ्याचं रीळ आज शेवटी उघडलं.

कंपनीतले जर्मन साहेब जूनमध्ये मायदेशी गेले, तेव्हा जाताना हे माझ्या हातात ठेवून गेले. तीन वर्षं मी त्यांचे गेज तपासले. 'पुन्हा मोज' म्हणायची वेळ त्यांच्यावर एकदाही आली नाही. सातवी पास माणसाला असं रीळ कोणी उगाच देत नाही. दोरा हिरवट आहे, बारीक पदर वेणीसारखे एकमेकांत गुंफलेले. भिंगाखाली मोजले, आठ भरले. आपली नायलॉनची तंगूस रबरासारखी ताणते, मासा लागलेला हाताला उशिरा कळतो. हा दोरा ताणतच नाही. मात्र गुळगुळीत इतका, की साधी गाठ मारून ओढली तर गाठ कधी नव्हतीच असं वागतो.

रिळाबरोबर घडीचा एक कागद आहे. मजकूर जर्मन आहे, तो मला येत नाही. चित्रं ड्रॉइंगसारखी आहेत, ती येतात. दोन गाठी दाखवल्यात. एकीत दोरा गळाच्या नेढ्यातून ओवून स्वतःभोवती पाच वेढे द्यायचे आणि टोक मागे आणून नेढ्याजवळच्या फटीतून काढायचं. हिला मी पाचवेढी म्हणतो. दुसरीत दोरा दुहेरी करून नेढ्यातून घ्यायचा, सैल गाठ मारायची आणि अख्खा गळ त्या फासातून पार करायचा. ही दुपदरी.

दोन्हींच्या शेवटच्या चित्रात गाठीबाहेर तांदळाच्या दाण्याएवढं शेपूट सोडलंय. चित्रकाराचा आळस. आमच्या टूलरूममध्ये जॉबच्या कडेला एवढा बर, म्हणजे धातूचा खरबरीत काठ, राहिला तर मी लाल शिक्का मारून परत पाठवतो.

१३ ऑक्टोबर, गुरुवार

दिवसभर गाठींची चाचणी. स्प्रिंगचा काटा दाराच्या कडीला टांगला, गळ काट्यात अडकवला, दोरा लाकडाच्या दांड्याला गुंडाळून ओढला. ओढताना गाठीचं शेपूट डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळून धरतो, म्हणजे वेढे सरळ बसतात.

पाचवेढी: ११, साडेअकरा, ११ किलो. दुपदरी: साडेअकरा, १२, साडेअकरा. फरक अर्ध्या किलोचा. पण पाचवेढी दिसायला देखणी, लेथवर काढल्यासारखी. तीच पसंत केली. गळ डबीत टाकण्याआधी शेपूट ब्लेडने गाठीला भिडवून कापतो. वरून बोट फिरवलं तरी काही लागत नाही.

संध्याकाळी शौकत आला. पलीकडच्या आळीत राहतो. कंपनीत खलाशी गँगमध्ये आहे, म्हणजे जड मशीनं दोरखंडात, वायररोपमध्ये बांधून क्रेनला द्यायची. चौदा वर्षांत त्याने बांधलेलं ओझं कधी सुटलेलं नाही. गँगचा मुकादम दत्तोबा नोव्हेंबरअखेर रिटायर होतोय आणि ती जागा शौकतचीच, असं सगळे धरून चालतात.

त्याने दोन्ही गाठी हातात फिरवून बघितल्या आणि दुपदरी उचलली.

“कोंडीराम, दोरा दुहेरी तर काळजी निम्मी.”

“जरा नजर लावून बघ. तुझी सातव्या महिन्यातल्या बाईसारखी दिसते.”

“मासा काय गाठीचा फोटो काढणारे, भावा?”

२७ तारखेला कंपनीच्या मंडळाची गळाची स्पर्धा आहे, चिखलीच्या खाली इंद्रायणीच्या डोहावर. आमची दोघांची जोडी. दहा गळ बांधून एकाच डबीत ठेवले. सहा माझे पाचवेढी, चार त्याचे दुपदरी. त्याच्या चारांची शेपटं कापायला घेतली तर म्हणाला, “माझ्या पोरांना हात लावू नको.” राहू दिली.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

जे घडलं ते क्रमाने लिहितो.

साडेदहाच्या सुमारास शौकतच्या काठीला शिंगाळा लागला. पहिला गळ खडकात अडकून गेला होता म्हणून त्याने डबीतून दुसरा घाईघाईत बांधून घेतला होता. म्हणजे गळाला जो हातभर दोरा आधीच बांधलेला असतो, तो आपल्या दोऱ्याला जोडला होता. मासा दोनदा तळाला गेला. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा मिशांसकट डोकं दिसलं आणि काठावरची सगळी माणसं आपापल्या काठ्या टाकून धावली. आमचे फोरमन अर्जुनराव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले. “सोड, सोड थोडा! आता घे! अरे घे, शौकत!”

शौकतने घेतला. बरोबरच घेतला, मी बघत होतो. आणि काठी सरळ झाली.

दोरा मोकळा परत आला. मग अर्जुनरावांनी विचारलं, “गळ कोणी बांधला होता रे हा?”

“डबीतला होता,” शौकत म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. बाकीच्यांनीही बघितलं. दोन आठवडे मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना गाठी शिकवत होतो, आकडे सांगत होतो.

दोऱ्याचं टोक मी हातात घेतलं. मी म्हणालो, “शौकतचा आहे. त्याची ती दुपदरी.”

शौकत टोकाकडे न बघताच म्हणाला, “असेल.”

कोणीतरी मागून म्हणालं, “क्रेनखाली उभं राहताना जपून रे बाबांनो!” सगळे हसले. शौकतही हसला.

टोक मी कापून खिशात टाकलं, तपासणीला म्हणून. त्याला वळ्या पडल्या होत्या, डुकराच्या शेपटासारख्या. किती ते मोजायला तिथे सवड झाली नाही.

३१ ऑक्टोबर, सोमवार

कंपनीत नवा शब्द आला आहे. कोणाच्या बुटाची नाडी सुटली, की 'शौकतची गाठ'. डब्याचं फडकं सुटलं, शौकतची गाठ. जिन्यात भेटला तेव्हा मीच विचारलं, “मनावर घेत नाहीस ना?” म्हणाला, “चार दिवस बोलतील, मग दुसरा कोणीतरी सापडेल.”

नदीवरचं टोक त्याच दिवशी काडेपेटीत ठेवलं, अजून तिथंच आहे. उघडलेली नाही.

३ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा चाचणी घेतली. पाचवेढी पाच वेळा. ११, ११, साडेअकरा, ११, ११. माझी गाठ निर्दोष आहे. जेवण व्यवस्थित गेलं.

८ नोव्हेंबर, मंगळवार

आज तीन टनी प्रेस शेडच्या या टोकाकडून त्या टोकाला न्यायचा होता. शौकतने बांधून घेतला आणि क्रेनवाल्याला हात करणार तेवढ्यात अर्जुनराव म्हणाले, “किसन, जरा एक नजर टाक. बिघडत नाही.” आवाजात टिंगल नव्हती. टिंगल असती तर बरं झालं असतं. किसन त्याच गँगमधला, शौकतच्याच हाताखाली शिकलेला. त्याने खाली मान घालून प्रेसभोवती एक फेरी मारली आणि “ठीक आहे” म्हणाला.

शौकतने तरीही सगळं सोडलं. पुन्हा बांधलं. पुन्हा सोडलं आणि तिसऱ्यांदा बांधलं. मी टूलरूमच्या काचेतून बघत होतो. हातात मायक्रोमीटर होता. एकाच जॉबचं माप तीन वेळा वेगवेगळं आलं.

१० नोव्हेंबर, गुरुवार

हे पान लिहायला दोनदा बसलो आणि उठलो.

सकाळी पुन्हा काटा टांगून बसलो होतो. बायको, कस्तुरा, खाली बसून गोधडीला टाके घालत होती. तिचं माझ्याकडे लक्ष नाही असंच मी आजवर धरून चाललो. दोरा दातांनी तोडता तोडता म्हणाली, “अवो, एक इचारू? काट्याला लावता तवा त्या गाठीचं शेपूट तुमी बोटाला धरून बसता. आन डबीत टाकायचं आलं, की कापून टाकता. मग तोललं ते येगळं आन डबीतलं येगळंच की.”

मी म्हणालो, “शेपटाने काय होतं? जोर गाठ घेते.”

“मला काय ठावं. आमी टाका मारला का दोरा एवढा सोडतो. बुडापाशी कापला तर दुसऱ्या धुण्याला सुटतो.”

बत्तीस वर्षं मी मापं घेतोय. जे तपासायचं ते जसं वापरात जाणार तसंच तपासायचं, हे नवीन पोरांना मीच शिकवतो.

डबीतला एक पाचवेढी काढला, तसाच कापलेला. तांब्यात भिजवला आणि काट्याला लावून सावकाश ओढला. चार किलोला सुटला. तुटला नाही, सुटला. वेढे एकमेकांवरून निसटले आणि टोक फटीतून मागे निघून आलं. दुसरा: साडेतीन. तिसरा: चार. गाठ आवळताना हा दोरा थोडासा सरकतो आणि मगच घट्ट धरतो. सरकायला तो तांदळाचा दाणा लागतो. कागदावर होता. मी त्याला आळस म्हटलं.

डबीत शौकतच्या चारपैकी चारही दुपदरी गळ जसेच्या तसे आहेत. हे मला २७ तारखेलाच मोजता आलं असतं.

मग काडेपेटी उघडली. नदीवरचं टोक आणि आज सुटलेलं टोक शेजारी शेजारी पाटावर ठेवलं. कस्तुरा वाकून बघायला लागली. “दोनी सारखीच हायेत की.”

वळ्या मोजल्या. पाच.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

कामावर गेलो. बोललो नाही.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

शौकतकडे जायला निघालो. काय बोलायचं ते कागदावर लिहून पाठ केलं होतं. दार उघडं होतं. तो जमिनीवर पाटा-वरवंटा दोरखंडात बांधत बसला होता आणि खैरुन्निसाभाभी दोराचं दुसरं टोक दोन्ही हातांनी ओढत होत्या. “और जोरसे,” तो म्हणत होता. मला बघून दोघं थांबली.

“ये, बस. जरा हात साफ करतोय,” तो म्हणाला.

चहा घेतला. कंपनीच्या बोनसवर बोललो. कागद खिशात तसाच होता. परत येताना तो चावून चावून गिळावा असं वाटलं. चावला नाही. घरी येऊन चुलीत टाकला.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

बकरीद. दर वर्षीप्रमाणे खैरुन्निसाभाभी डबा घेऊन आल्या. आमच्या घरी त्या कस्तुराशी बोलतात, माझ्याशी फारसं नाही. आज माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाईसाब, तुम्ही यांना जरा समजवा. म्हणतात, माझ्या हाताला काहीतरी झालंय. डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाला, काही नाही. मी म्हटलं, एक मासा गेला तर गेला. तर म्हणतात, मासा नाही ग, कोंडीरामने बघून सांगितलं. तो बघितल्याशिवाय बोलत नाही.”

कस्तुराने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डबा रिकामा करून, धुवून, त्यात मूठभर साखर घालून परत दिला.

त्या गेल्यावर एवढंच म्हणाली, “मी सांगू का जाऊन?”

“नको.”

“मग कवा सांगणार? त्याचा हात गळून पडल्यावर?”

मी जेवलो नाही. ती जेवली, समोर बसून.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

मुकादमकीला किसनचं नाव वर गेलं. शौकतला एक तारखेपासून स्टोअरच्या खिडकीवर बसायचंय, नटबोल्ट मोजून द्यायला. अर्जुनराव मला स्वतःहून म्हणाले, “वाईट वाटतं राव. माणूस सोन्याचा. पण त्याचा स्वतःवरच भरवसा उरला नाही. तीन तीनदा बांधतो. खाली माणसं उभी असतात.”

तेवढ्यात सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, “हो, खाली माणसं असतात.”

मला भीती कशाची आहे हे आज स्वच्छ लिहून काढतो. नोकरी जाणार नाही. पगार कापणार नाहीत. फक्त 'कोंडीरामने बघितलंय म्हणजे झालं' हे वाक्य जाईल. जेमतेम सातवी झालेल्या माणसाने बत्तीस वर्षांत तेवढं एकच वाक्य कमावलं. ते टिकवायला मी दुसऱ्याचे हात घेतले.

३० नोव्हेंबर, बुधवार

कॅन्टीनमध्ये दत्तोबाचा निरोप. शाल, नारळ, भाषणं. मी घरून पिशवी घेऊन गेलो होतो. अर्जुनरावांचं बोलून झाल्यावर उठलो आणि खिडकीच्या गजाला काटा टांगला.

“दत्तोबाला काटा भेट देतोय की काय!”

“मासे तोलायला, दुसरं काय! रिटायर माणूस!”

बोलण्याआधी मी गळ बांधला. पाचवेढी. चहाच्या कपात भिजवला, ब्लेडने शेपूट भिडवून कापलं आणि किसनला म्हणालो, “ओढ. आकडा मोठ्याने वाच.”

“दोन... तीन... साडेतीन... चार... सुटली!”

दुसरी बांधली. तिसरी बांधली. तिसरीपर्यंत हसणं थांबलं होतं. सुटलेली तिन्ही टोकं पांढऱ्या बशीत ठेवली आणि काडेपेटीतलं त्यांच्या शेजारी. बशी अर्जुनरावांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर केला.

“वळ्या मोजा,” मी म्हणालो.

“पाच. पाच. पाच... हे पण पाच. हे कुठलं?”

“चिखलीच्या डोहावरचं. गळ माझा होता. दुपदरीला अशा वळ्या पडत नाहीत. शौकतची गाठ सुटली नाही. शौकतची गाठ सुटत नाही.”

एवढंच बोलायचं ठरलं होतं. पण शौकत दाराजवळच्या बाकावरून उठून जवळ आला, बशीत बघितलं आणि हळूच विचारलं, “तुला कधी कळलं?”

घरी केलेल्या हिशेबाप्रमाणे उत्तर 'दहा नोव्हेंबर' होतं. या वहीतही तसंच लिहिलंय. पण ते टोक हातात घेतलं तेव्हा उजेड लख्ख होता आणि वळ्या मोजल्याशिवाय राहील असा माझा डोळा नाही. कापलेल्या शेपटाचं कारण नंतर कळलं. गाठ कोणाची ते तिथंच कळलं होतं.

“नदीवर,” मी म्हणालो. “तुझं नाव घेण्याआधी.”

“आधी?”

“आधी.”

त्याने हातातला कप बाकावर ठेवला. अर्धा भरलेला होता. “महिनाभर मी बायकोला दोर ओढायला लावत होतो, कोंडीराम,” म्हणाला आणि बाहेर गेला.

दत्तोबा शाल सावरत म्हणाला, “माझ्या निरोपाला चांगला नारळ फोडलास रे.”

१ डिसेंबर, गुरुवार

सुट्टी. दार लावून बसलो. २७ ऑक्टोबरच्या पानावर 'सवड झाली नाही' असं लिहिलंय. ते खोडणार नाही. खोडलं तर तेही कापलेलं शेपूटच होईल.

५ डिसेंबर, सोमवार

शौकतची स्टोअरची ऑर्डर रद्द झाली. तो गँगमध्ये परत आला. पण मुकादम किसनच. नाव वर गेलं होतं, सही होऊन आली. अर्जुनराव म्हणाले, “महिनाभर आधी बोलला असतास तर...” पुढचं त्यांनी गिळलं.

टूलरूममध्ये नव्या पोराने आज एक जॉब मी पास केल्यावर माझ्यासमोरच पुन्हा मोजला. माप बरोबर होतं. त्याला शाबास म्हणालो.

१५ डिसेंबर, गुरुवार

शौकत रस्त्यात दिसला. मी सायकलवरून उतरलो. तो उतरला नाही.

२२ डिसेंबर, गुरुवार

काळेवाडीच्या खाली पवनेवर एकटाच बसलो होतो. मन लागत नव्हतं, गळ पाण्यात होता एवढंच. नऊच्या सुमारास मागे सायकल लावल्याचा आवाज झाला. शौकत. माझ्यापासून दोन दगड सोडून बसला.

मग म्हणाला, “खैरुन्निसा म्हणते, साखर घातलेला डबा परत आला, आता परत डबा द्यायला नको का.”

“कस्तुरा बोलते का तुमच्याशी?”

“तुझ्याशी बोलते का, ते सांग.”

“कामापुरतं.”

“चांगली बाई आहे,” तो म्हणाला.

त्याने खिशातून एक मोकळा गळ काढला, आपल्या दोऱ्याचं टोक धरलं आणि दोन्ही माझ्या पुढ्यात दगडावर ठेवली.

“बांध.”

“कोणती? दुपदरी?”

“तुझी.”

पाच वेढे दिले. टोक फटीतून काढलं, थुंकी लावून ओलं केलं आणि सावकाश आवळलं. ब्लेडकडे हात गेला. कापताना तांदळाच्या दाण्याएवढं शेपूट सोडलं. ते डोळ्याला टोचत होतं, खोटं कशाला लिहू. त्याच्या हातात दिलं.

वीस वर्षं मी बांधून दिलेला गळ शौकत बघायचाही नाही. बोलत बोलत सरळ पाण्यात टाकायचा.

आज त्याने गळ सायकलच्या कॅरियरच्या दांडीत अडकवला. दोरा हाताला गुंडाळला, पाय रोवले आणि मागे रेलला, तीन टनी प्रेसचा दोर ताणतो तसा. सायकल कलंडायला लागली तेव्हा सोडला. वाकून गाठ बघितली. पुन्हा रेलला. पुन्हा बघितली. पुन्हा रेलला.

सायकल हलू नये म्हणून मी जवळ जाऊन हँडल धरून बसलो.

तीन वेळा. मग त्याने गळ पाण्यात टाकला.